आळसाचा कुमसार



गेल्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी रात्री काय झालं ते आपल्या धर्मग्रामातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना आज मीच सांगते, म्हणजे इकडून तिकडून ऐकायची गरज राहणार नाही.

रात्री दहा ते अकरा ही आराधनेची वेळ आमच्या वॉर्डाची होती आणि प्रार्थना चालवायचं काम माझं. हातात पुस्तक, समोर फुलांनी सजवलेली वेदी, मेणबत्त्या, मागे साठेक माणसं. येशू गेथशेमानी बागेत प्रार्थना करतो आणि शिष्य झोपी जातात, तो भाग मीच वाचला. मग पाच मिनिटं शांत मनन. त्या पाच मिनिटांत मी झोपले. नुसती झोपले असते तर देवानं झाकून घेतलं असतं, पण मी घोरले. माईक चालू होता.

मागच्या बाकावरच्या एका वयस्क बाईंनी येऊन खांद्याला हात लावला. मी दचकून उठले आणि घाईघाईत 'आमेन' म्हटलं. काही तरुण मुलं हसली, त्यांना दोष देत नाही. पेत्राला प्रभूनं जे विचारलं, की तुला माझ्यासाठी एक तासही जागं राहवलं नाही का, ते मी दर वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्या ऐटीत समजावून सांगते. त्या रात्री घरी जाताना ते वाक्य माझ्या मागून चालत येत होतं.

शनिवारी कुमसाराला गेले. कुमसाराचं गुपित फादरांवर बंधनकारक असतं, माझ्यावर नाही, म्हणून सांगते. मी म्हटलं, फादर, आळस. फादर काही बोलले नाहीत तेव्हा मीच पुढे म्हटलं, की मी गेली सहा-सात वर्षं दर कुमसारात आळस सांगते, प्रायश्चित्त करते आणि पुन्हा तेच होतं. रोझरीच्या तिसऱ्या दशकात डोळे मिटतात. प्रवचनात मिटतात. दुपारी शिकवण्या घेताना एका मुलीची वही तपासता तपासता माझा पेन वहीभर रेघ ओढत गेला.

फादरांनी विचारलं, "टीचर, रात्री किती वाजता झोपता?" साडेदहा. "उठता किती वाजता?" साडेपाच. "म्हणजे सात तास. उठल्यावर कसं वाटतं?" मी म्हटलं, रात्रभर कोणीतरी भात कांडायला लावल्यासारखं. फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "याची क्षमा मी देणार नाही, कारण हे पाप आहे असं मला वाटत नाही. ईस्टर झाला की डॉक्टरकडे जा. तेच तुमचं प्रायश्चित्त."

मला जरा रागच आला. इतकी वर्षं सांभाळलेलं पाप कोणी एका वाक्यात काढून घेतं तेव्हा माणसाला रितं वाटतं.

खरं तर कारणं माझ्याकडे भरपूर होती. थायरॉइड तपासून झालं, नॉर्मल. हिमोग्लोबिन कमी होतं, लोहाच्या गोळ्या झाल्या. मग चाळिशी, मग पाळी जायची वेळ. बायकांच्या थकव्याला कारण शोधायला कोणी लांब जात नाही, घरातच सापडतं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि तरी दाब उतरत नव्हता. सकाळी डोकं दुखायचं. रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठायचे, म्हणून साखरही तपासून घेतली होती.

आणि घोरणं? ते कोणत्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. पुरुष घोरतो तेव्हा घरात विनोद होतो. बाई घोरली की लाज. काही वर्षांपूर्वी बायकांच्या तीन दिवसांच्या रिट्रीटला गेले होते, एका मोठ्या खोलीत बारा खाटा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माझ्या बाजूच्या चार खाटांवरच्या गाद्या व्हरांड्यात गेलेल्या. कोणी एक शब्द बोललं नाही. चहाच्या वेळी सगळ्या माझ्याशी जास्तच गोड बोलत होत्या. त्यानंतर मी रात्रीच्या मुक्कामाच्या कोणत्याही रिट्रीटला गेले नाही आणि सिस्टरांना सांगत राहिले, की घरी आई एकटी असते.

आमचे हे उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आहेत. आठवड्याआड रात्रपाळी. दिवसपाळीच्या आठवड्यात सुरुवातीला कानात कापूस घालायचे, मग एक दिवस गादी हॉलमध्ये गेली. "मोल्डिंगच्या आवाजात झोप लागते, पण तुझ्या नाही," एवढंच म्हणाले. मला ओळखलं ते मुलीनं. ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, रात्री उशिरापर्यंत अभ्यास करायची. तिनं ईस्टरच्या आठवड्यात मोबाइलवर माझा आवाज टिपला आणि सकाळी ऐकवला. घोरणं ऐकून मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मम्मी, घोरणं नको ऐकूस. मधलं ऐक."

मधे काहीच नव्हतं. घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम तुटलं. पंख्याचा आवाज. लांब कुत्रं भुंकलं. मुलीनं घड्याळ समोर धरलं होतं, चौतीस सेकंद. मग पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा एक मोठा ओढलेला श्वास आणि पुन्हा घोरणं.

ते ऐकताना मला माझे वडील आठवले. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी डॉक्टरचं.

छातीच्या डॉक्टरांनी प्रथम आठ प्रश्नांचा एक कागद दिला. एपवर्थ स्केल म्हणतात त्याला. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली तो मांडला. वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसलेलं असताना, तासभर गाडीत बसून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कोणाशी बोलत असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि गाडी वाहतुकीत थांबली असताना, डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जेवणाच्या प्रश्नात 'मद्य न घेता' असं होतं. तिथे मदतनीस मुलीनं माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहून जरा विचारपूर्वक पेन थांबवलं. मी म्हटलं, बाई, नाताळाला घोटभर वाईन, बाकी वर्षभर चहा.

'सभेत नुसतं बसलेलं असताना' या ओळीत मी मिस्सा धरली आणि तीन दिले. बेरीज सतरा झाली. दहाच्या वर गेली की लक्ष द्यायचं असतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवता?" आणि मी खोटं बोलले. आता खरं लिहिते, हेही वाचतीलच. दोन वर्षांपूर्वी खानापूर रस्त्यावरच्या एका गावातून धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपून स्कूटीवर परत येत होते, मुलगी मागे बसली होती. दुपारचे साडेतीन. मला फक्त एवढं आठवतं, की रस्ता होता आणि मग ट्रकचा हॉर्न होता. मधला रस्ता नाही. स्कूटी पांढरी रेघ ओलांडून पलीकडे गेली होती. मुलीनं किंचाळून माझी कंबर धरली. मी तिला सांगितलं, डोळ्यात किडा गेला. घरी येऊन प्रभूचे आभार मानले, सिस्टरांकडे मेणबत्तीचे पैसे दिले आणि दुसऱ्या आठवड्यात तोच रस्ता, तीच स्कूटी. आज हे लिहिताना हात गार पडतो. मी ज्याला रक्षण म्हणत होते, ते रक्षण होतंच. पण प्रत्येक आठवड्याला देवाकडे तेच मागत राहणं याला मी श्रद्धा समजत होते.

झोपेच्या तपासणीसाठी एका रुग्णालयात एक रात्र काढावी लागली. लॉजसारखी खोली, पलंग, भिंतीवर कॅमेरा. तंत्रज्ञ मुलगा कानडी, विशीतला, मला 'अम्मा' म्हणत होता. त्यानं टेपनं माझं डोकं मोजलं, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि पेस्ट लावून केसांत तारा चिकटवल्या. त्या मेंदूसाठी. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीखाली, पायांवर, छातीवर. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, नाकाशी श्वास मोजणारी नळी, गळ्यावर घोरणं टिपणारं छोटं यंत्र, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. आरशात पाहिलं तर मला आमच्या चर्चच्या स्वीचबोर्डची आठवण झाली.

मग शेजारच्या खोलीतून स्पीकरवर आवाज आला. "मेले नोडि." वर बघितलं. "केळगे नोडि." खाली. "कण्णु मुच्चि." डोळे मिटले. पाय हलवा, दात दाबा, एकदा घोरल्याचा आवाज काढा. जो आवाज काढल्याबद्दल आयुष्यभर मान खाली घातली तो काढा म्हणून कोणी विनंती करत होतं. मी इतका खोटा आवाज काढला, की तोही हसला.

जपमाळ जवळ ठेवायची परवानगी मागितली. चिमटी उजव्या हाताच्या तर्जनीला होती, मणी तिथूनच सरकतात. मुलानं न बोलता चिमटी डाव्या हाताला लावली. तो कोणत्या देवाला मानत असेल ते मी विचारलं नाही, पण त्या रात्रीची माझी पहिली प्रार्थना त्याच्यासाठी होती.

कॅमेऱ्यासमोर, तारांत गुंडाळलेलं असताना, झोप येईल कशी असं वाटलं. बायबलमधले झोपणारे आठवत राहिले. दगड उशाला घेतलेला याकोब. दोन शिपायांच्या मधे साखळदंडांत झोपलेला पेत्र, तोच गेथशेमानीतला पेत्र. त्रोवस गावात पौलाचं प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा खिडकीत बसून झोपलेला आणि तिसऱ्या मजल्यावरून पडलेला तो तरुण युतुख. पौलानं त्याला कवटाळलं, झोपल्याबद्दल रागावल्याची कुठे नोंद नाही. आणि वादळात नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला आपला प्रभू. ती उशी फक्त मार्कच्या शुभवर्तमानात आहे, इतरांनी ती वगळली. मला मार्कचं हे फार आवडतं.

एलियावर आले तोवर झोप लागली असावी.

सकाळी मी छातीठोकपणे सांगितलं, की मला झोपच लागली नाही. अहवाल म्हणाला, सहा तास झोपलात. त्या सहा तासांत ताशी एक्केचाळीस वेळा माझा श्वास थांबला किंवा अगदी उथळ झाला. प्रत्येक वेळी कमीत कमी दहा सेकंद, तेव्हाच ते मोजतात. सर्वांत लांबचा खंड बावन्न सेकंदांचा. ऑक्सिजन एकाहत्तर टक्क्यांपर्यंत उतरला होता. ताशी पाचाच्या आत असेल तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. मी तीव्रात.

डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला. झोपेत स्नायू सैल होतात, जीभ आणि मऊ टाळू मागे पडतात आणि श्वासाची वाट मिटते. छाती ओढत राहते, हवा येत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून दोन-चार सेकंद जागा होतो, वाट उघडते, पुन्हा झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही. म्हणजे मी रात्रीत सुमारे अडीचशे वेळा उठत होते आणि मला वाटत होतं, की सात तास झोपले. डोकेदुखी, न उतरणारा रक्तदाब, रात्रीच्या खेपा, सगळ्यांचं मूळ तिथेच निघालं. बायकांमध्ये हा आजार पाळी गेल्यानंतर वाढतो आणि बायका घोरण्याचं सांगतच नाहीत म्हणून उशिरा सापडतो, हेही ते म्हणाले. मी मान खाली घातली.

उपाय म्हणजे सीपॅप. उशाशी एक छोटं यंत्र, एक नळी आणि नाकावर मास्क. यंत्र हवेचा दाब देतं आणि तो दाब आतून आधार देऊन वाट उघडी ठेवतो, बाकी काही नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर नाही, औषध नाही, खोलीतलीच हवा. सिडनीचे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला तिथून हे सुरू झालं. माझ्यासाठी दाब ठरला अकरा सेंटिमीटर पाण्याइतका.

आता सगळं छान झालं असं लिहायला मला आवडलं असतं.

पहिल्या रात्री मास्क लावला आणि सात मिनिटांत ओरबाडून काढला. तोंड उघडलं की नाकातून आलेली हवा तोंडावाटे सुसाट बाहेर. कुशीवर वळलं की मास्क सरकून डोळ्यात वारा. सकाळी नाकावर लाल खूण. पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या मुलांनी विचारलं, "टीचर, नाकाला काय झालं?" मी म्हटलं, चष्मा. (एका आजारापायी किती खोटं बोलले त्याचा वेगळा कुमसार झाला आहे.) आणि नवऱ्यासमोर ते सोंडेसारखं तोंड घेऊन झोपणं! पंचवीस वर्षांच्या संसारातही काही लाज शिल्लक असते. ते म्हणाले, "विमान कधी उडणार?" मी रडले. ते घाबरले आणि चहा करून आणला, रात्री अकरा वाजता.

मी ते यंत्र अकरा दिवस कपाटात ठेवलं. भाड्याचं होतं, महिनाभर वापरून बघा म्हणून दिलेलं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा म्हटलं, लावते की अधूनमधून. त्यांनी यंत्रातलं छोटं कार्ड काढून संगणकात घातलं. पडद्यावर एकेका रात्रीचा हिशेब, कधी लावला, कधी काढला, हवा कुठे गळली. अकरा रात्री कोऱ्या. मी मनाशी म्हटलं, शेवटच्या न्यायाच्या दिवशी असंच काहीतरी असणार. डॉक्टर रागावले नाहीत. मास्क एक माप लहान दिला आणि म्हणाले, रात्री नको, आधी दिवसा लावा. बसून, जागेपणी, यंत्र चालू करून. दाबही सुरुवातीला चारवर ठेवून हळूहळू वर जाईल असं करून दिलं.

म्हणून मी दुपारी खुर्चीत मास्क लावून रोझरी म्हणायला लागले. मनातल्या मनात, कारण तोंड उघडलं की हवा सुटते. पहिल्या दिवशी एक दशक, मग दोन. आठवडाभरात पाच रहस्यं झाली. मग रात्री. दोन तास, तीन तास, आणि मेच्या अखेरीस एक सकाळ अशी आली, की खिडकीत उजेड होता, मास्क नाकावरच होता आणि मी स्वप्न पाहून उठले होते. कित्येक वर्षांत स्वप्न पडलं नव्हतं. काही खास नव्हतं, बाजारात कांदे घेत होते. पण मी उठून बसले आणि नवऱ्याला उठवून ते कांदे सांगितले.

जूनमध्ये पावसानं वीज घालवली. बेळगावात पहिला पाऊस आणि वीज यांचं काय नातं आहे ते इथल्यांना सांगायला नको. यंत्र बंद पडलं की मास्कमध्ये कोंडल्यासारखं होऊन जाग येते. त्याला हवा सोडायची भोकं असतात, गुदमरून काही होत नाही, पण मध्यरात्री ते कोणाला आठवतं? शेवटी यंत्र विकत घेतलं तेव्हा इन्व्हर्टरही घ्यावा लागला. मुलीच्या क्लाससाठी ठेवलेल्या पैशातून गेले. ती म्हणाली, "मम्मी, मी यूट्यूबवर शिकते." मला ते अजून टोचतं.

याच दिवसांत प्रार्थना गटातल्या एका भगिनीनं प्रेमानंच सांगितलं, की विश्वास असेल तर यंत्र कशाला, हात ठेवून प्रार्थना करू. प्रार्थना केली, मी गुडघे टेकले, ती मला हवीच होती. पण त्या रात्री मास्क लावला. सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय काढून बघा. आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगून तिथेच पुढे वैद्याला जागा द्यायला सांगितली आहे, त्यालाही देवानंच निर्माण केलं म्हणून. आणि रिट्रीटमध्ये माझ्यामुळे ज्यांच्या गाद्या व्हरांड्यात गेल्या त्यांचा विश्वास कमी होता असं मी तरी म्हणणार नाही.

दृढीकरण संस्काराच्या वर्गात पेन्टेकॉस्टचा पाठ घेताना फादरांनी मला एक गोष्ट सांगितली. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आत्म्याला 'प्नेउमा' शब्द आहे, तोच श्वास, तोच वारा. आणि माझ्या अहवालावर लिहिलेला 'ॲप्निया' त्याच मुळातून आलेला, म्हणजे श्वासाविना. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला शब्दाच्या मुळाचं वेड असतं, मी चार दिवस तेच घोळवत होते. वर्गात मुलांना एक मिनिट श्वास रोखायला सांगितला. वीस-पंचवीस सेकंदांत बहुतेकांचे चेहरे लाल. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र झोपलेला होता. नेहमीच झोपतो, त्याला मी कैकदा उभं केलेलं आहे. या वेळी वर्ग सुटल्यावर विचारलं. त्याच्या काकांची बेकरी आहे आणि तो पहाटे तीनपासून पाव लावतो. मी त्याला दोन वर्षं शिक्षा करत होते.

आता वडिलांचं.

ते गेले १९९९च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात. चोपन्न वर्षांचे होते, मी वीस. रात्री झोपले आणि सकाळी उठले नाहीत. सगळे म्हणाले, भाग्यवान, झोपेत गेले. आपल्यात चांगल्या मरणासाठी संत योसेफाची प्रार्थना करतात, वडील ती रोज करायचे, म्हणून फादरांनीही अंत्यविधीत तेच सांगितलं. त्या शब्दांवर आमच्या घरानं पंचवीस वर्षं काढली. आणि वडील घोरायचे. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं घोरायचे.

अहवाल हातात आल्यापासून मी ते आईपासून लपवत होते. मास्क दिसू नये म्हणून तिच्या खोलीचं दार मीच ओढून घ्यायचे. ती त्र्याहत्तर वर्षांची. तिच्या हातातून ते 'भाग्यवान' काढून घेणारी मी कोण? डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी कोणीच सांगू शकणार नाही. झोपेत हृदय थांबण्याची कारणं अनेक असतात. हे खरं आहे आणि ते तसंच मी इथे लिहिते.

ऑगस्टमध्ये यांची रात्रपाळी होती. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली तर आई माझ्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसलेली. यंत्राचा बारीक आवाज, बाहेर पाऊस. मी मास्क काढला. म्हटलं, आई, काय झालं?

"काय नाही. बघत बसले होते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुझे बाबा पण असेच थांबत होते की गं."

मी काही बोलले नाही.

"मी ढोसत होते त्यांना. कोपरानं. आवाज थांबला की मला जाग यायची. आवाजानं नाही, आवाज थांबल्यावर. ढोसलं की परत सुरू व्हायचे." तिनं पदरानं चष्मा पुसला. "त्या दिवशी नेवऱ्या नी कलकल तळून रात्रीचे बारा झाले होते. मी मेल्यासारखी निजले. मला जागच आली नाही."

पंचवीस वर्षं मी ज्या गोष्टीपासून तिला वाचवत होते असं मला वाटत होतं, ती तिनं एकटीनं धरून ठेवली होती. लोक दर वर्षी 'भाग्यवान' म्हणत होते आणि ती ते ऐकून घेत होती. ती तेव्हा सत्तेचाळीसची होती. मी आता तेवढीच.

मी तिला डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. अनेक कारणं असतात हे सांगितलं. तेव्हा अशी तपासणी आपल्यासारख्यांच्या कानावरही नव्हती हे सांगितलं. कोपरानं ढोसून कोणाला किती वर्षं जिवंत ठेवणार होतीस, हेही विचारलं. एलियाची गोष्ट सांगितली, झुडपाखाली थकून झोपलेल्या त्याला दूतानं उठवून भाकर दिली आणि पुन्हा झोपू दिलं, तुला कां जाग आली नाही असं तिथे कोणी कोणाला विचारत नाही. ती ऐकत होती. पटलं का, ते मला अजून माहीत नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ते लाव परत. मला बघू दे."

मी मास्क लावला. ती बसून राहिली. मला झोप लागली तेव्हा ती तिथेच होती.

डिसेंबरात वडिलांच्या नावानं मिस्सा झाली. बाहेर पडताना एका नातेवाइकांनी नेहमीसारखं म्हटलं, "भाग्यवान माणूस, झोपेत गेला." आई म्हणाली, "घोरत होते फार." ते गोंधळले आणि हसले. आई हसली नाही, माझ्या हाताला धरून पायऱ्या उतरली.

यंत्राच्या छोट्या टाकीत रोज ताजं डिस्टिल्ड पाणी भरावं लागतं, नाहीतर नाक कोरडं पडतं. ते काम आता आईनं घेतलं आहे. संध्याकाळी रोझरीच्या आधी ती चष्मा लावून, टाकीवरच्या रेघेपर्यंत, एक थेंब इकडेतिकडे न होऊ देता पाणी ओतते. काल कॅन संपत आला म्हणून दोनदा आठवण केली. आज आणायला हवा.